दहा मिनिटांची कल्पना, हजार तासांचं काम: गेम डिझायनर नेमकं करतो काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

गेमचा विषय निघाला की मला एक मेसेज हमखास येतो. "ताई, मला गेम खेळायला जाम आवडतं, डोक्यात भारी आयडिया आहेत, गेम डिझायनर व्हायचंय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू?"

आता या एका प्रश्नात तीन गोष्टी गृहीत धरल्यात बघा. एक, हे काम म्हणजे आयडिया सुचणं. दोन, सॉफ्टवेअर आलं की काम आलं. तीन, खेळायला आवडतं म्हणजे बनवताही येईल. मी बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहिते, पण पोटापाण्यासाठी गेम बनवत नाही. त्यामुळे उत्तर माझ्या अनुभवातून देण्यापेक्षा इतिहासातून देते. आणि गंमत म्हणजे हा पेशा इतका नवा आहे, की तो जन्माला येताना आपण अक्षरशः वर्षागणिक बघू शकतो. साधारण १९७१ ते १९८५. पण त्याआधी एक मुक्काम करूया, थोडा जुना.

एकच पट, दोन खेळ

लहानपणी सुट्टीत 'व्यापार' खेळलायत ना? नोटा, घरं, हॉटेलं, आणि शेवटी एकाकडे सगळं नि बाकीचे कंगाल. त्याचा पूर्वज म्हणजे मोनोपॉली, आणि मोनोपॉलीची पूर्वज म्हणजे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा 'लँडलॉर्ड्स गेम'. पेटंट मिळालं जानेवारी १९०४ मध्ये.

मॅगीबाई अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या विचारांच्या. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून भरून संपतात, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. भाषण दिलं असतं तर लोक जांभया देत बसले असते. त्यांनी खेळ केला. आणि त्यासाठी नियमांचे दोन संच केले. पहिल्या नियमांनी खेळलं तर एक जण सगळ्यांना बुडवून जिंकतो. दुसऱ्या नियमांनी खेळलं तर संपत्ती वाढली की त्यात सगळ्यांचा वाटा.

आता नीट विचार करा. पट तोच, फासे तेच, घरातले खेळाडू तेच. बदलले फक्त नियम. आणि जो भाऊ पहिल्या खेळात राक्षस वाटत होता, तो दुसऱ्या खेळात भला माणूस वाटायला लागतो. गेम डिझायनरचं साहित्य काय, तर हे. चित्रकाराचं रंग, सुताराचं लाकूड, तसं याचं साहित्य म्हणजे नियम. आणि त्या नियमांमुळे माणूस कसा वागतो, ते.

पुढचंही सांगते, कारण ते पुन्हा लागणार आहे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली बाजारात आणला. जनक म्हणून नाव झालं चार्ल्स डॅरो या गृहस्थांचं, आणि ते त्यावर श्रीमंत झाले. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीने घेतलं ५०० डॉलरला. रॉयल्टी नाही. खोक्यावर राहिला एकच नियमसंच, सगळ्यांना बुडवायचा.

बॅटचे आठ तुकडे

आता येऊ पडद्यावरच्या खेळांकडे. १९७१ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' हा नाणं टाकून खेळायचा गेम आणला. यान डावीकडे वळवायला एक बटण, उजवीकडे वळवायला दुसरं, पुढे ढकलायला तिसरं, गोळी झाडायला चौथं. इंजिनिअर लोकांना मजा आली. बारमध्ये संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला काही कळेना. गेम फारसा चालला नाही.

पुढच्या वर्षी या दोघांनी अटारी कंपनी काढली आणि ॲलन अल्कॉर्न नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला घेतलं. सराव म्हणून त्याला एक साधा टेबल टेनिसचा गेम करायला दिला. बुशनेलनी तर थाप मारली, की जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं काम मिळालंय! तोच गेम 'पाँग' म्हणून १९७२ मध्ये गाजला.

पाँगमध्ये सॉफ्टवेअर नाहीच, सगळं सर्किट. पण अल्कॉर्ननी जे ठरवलं ते बघा. बॅटचे त्यांनी आठ भाग केले. चेंडू मधल्या भागाला लागला तर सरळ परत जातो, कडेला लागला तर तिरका. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढतो. शिवाय सर्किटच्या एका दोषामुळे बॅट पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला पोहोचत नव्हती. त्यांनी ते तसंच ठेवलं. का? बॅट सगळीकडे पोहोचली असती, तर दोन चांगले खेळाडू तासन्‌तास खेळत बसले असते. खेळ संपायला हवा, कारण पुढचं नाणं पडायला हवं.

तुम्ही म्हणाल, हे तीन बारीकसारीक निर्णय. पण हे तीन निर्णय काढून टाका, मग पाँग म्हणजे पडद्यावर इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. डिझाइन म्हणजे हे आठ भाग. त्या काळी मात्र याला कुणी वेगळं नाव देत नव्हतं. अल्कॉर्न इंजिनिअर होते, आणि हे इंजिनिअरचंच काम समजलं जायचं.

एकटा माणूस, सगळी कामं

जपानमध्ये १९७८ साली ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. जवळजवळ एकट्याने. चित्रं त्यांची, आवाज त्यांचे, प्रोग्रॅम त्यांचा, हार्डवेअरसुद्धा त्यांनीच जमवलेलं. साधारण वर्ष लागलं.

पडद्यावर ५५ परग्रहवासी ओळीने खाली सरकत येतात, तुम्ही खालून गोळ्या झाडता. आतला प्रोसेसर इंटेल ८०८०. तो एका वेळी एकच परग्रहवासी सरकवायचा. ५५ जिवंत असताना सगळ्यांची फेरी व्हायला वेळ लागायचा. तुम्ही मारत गेलात की फेरी लहान व्हायची आणि उरलेले आपोआप वेगाने पळायला लागायचे. शेवटचा एक तर नुसता सुसाट.

माझ्यातली इंजिनिअर म्हणते, वेग सगळीकडे सारखा राहिला पाहिजे, तिकीट काढा, दुरुस्त करा. निशिकादोंनी ते ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं, की खेळाडू जसजसा जिंकतो तसतसं काम अवघड होत जातं, आणि त्यानेच छातीत धडधड होते. पार्श्वभूमीला चार सुरांचा ठेका होता, तोही त्या वेगाबरोबर जलद व्हायचा. कोडमध्ये काय घडतंय हे कुठलाही चांगला प्रोग्रॅमर सांगेल. जे घडतंय ते समोरच्या माणसाला कसं वाटतंय आणि म्हणून ते ठेवायचं की काढायचं, हा निर्णय वेगळा. निशिकादोंच्या एकाच डोक्यात ही दोन माणसं राहत होती.

नाव कुणाचं?

आता भांडणाची गोष्ट. १९७७ मध्ये अटारीने घरी टीव्हीला जोडायचं यंत्र आणलं, जे पुढे अटारी २६०० म्हणून ओळखलं गेलं. त्यात रॅम किती? १२८ बाइट. जीबी नाही, एमबी नाही, बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे तुम्ही आईला पाठवलेला "आज उशीर होईल, जेवायला थांबू नकोस" हा एवढासा मेसेजच त्या अख्ख्या रॅमचा निम्म्याहून जास्त भाग खाईल.

अशा यंत्रावर एक माणूस एक गेम पूर्ण करायचा. कल्पना, नियम, चित्रं, कोड, सगळं. आणि खोक्यावर त्याचं नाव नाही. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली केली, जिथे त्यांचं नाव झळकायचं. तिथे पोहोचायला एक जवळजवळ न दिसणारा ठिपका उचलून आणावा लागायचा. ही गोष्ट कंपनीलाही माहीत नव्हती. एका शाळकरी मुलाला ती सापडली, त्याने अटारीला पत्र लिहिलं, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. आज आपण गेममधल्या लपवलेल्या गमतीला 'ईस्टर एग' म्हणतो, तो शब्द गेमच्या दुनियेत इथूनच रुजला.

त्याच सुमारास डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या अटारीच्या चार प्रोग्रॅमरांच्या लक्षात आलं, की कंपनीच्या गेम-विक्रीतला मोठा वाटा आपल्या चौघांच्या गेमचा आहे. ते वरच्या साहेबांकडे गेले. गेम यशस्वी होण्यात जोडणी करणाऱ्या कामगाराचा जेवढा वाटा, तेवढाच तुमचा, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं क्रेन नंतर सांगत आले आहेत. चौघेही बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनी उभी राहिली. तिथे गेम करणाऱ्याचं नाव छापलं जायचं, माहितीपुस्तिकेत फोटोसकट.

कामगाराचं काम हलकं असतं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. मुद्दा असा, की साहेबांना नियम ठरवणं हे काम म्हणून दिसतच नव्हतं. मॅगीबाईंच्या बाबतीत जे झालं तेच इथे पुन्हा. खोकं दिसतं, यंत्र दिसतं, चित्र दिसतं. नियम दिसत नाहीत.

याच क्रेन यांचा १९८२ चा गेम म्हणजे 'पिटफॉल'. जंगलात एक माणूस धावतोय, खड्डे, मगरी, वेलीला लटकून पलीकडे जायचं. क्रेन यांनी याबद्दल जे सांगितलंय ते माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. धावणारा माणूस पडद्यावर आणायची युक्ती त्यांच्याकडे तयार होती. मग कागद घेतला, माणूस काढला, रस्ता काढला, भोवती जंगल काढलं, अडथळे काढले. दहा मिनिटं. त्यानंतर साधारण १००० तास प्रोग्रॅमिंग.

त्या १००० तासांत काय काय होतं? जंगलाचे २५५ पडदे अवघ्या ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचे होते. त्यांनी पडदे साठवलेच नाहीत. एका छोट्या गणिती सूत्रातून प्रत्येक पडदा जागच्या जागी तयार केला. हे झालं इंजिनिअरिंग. आणि डिझाइन? त्यांना खेळाडूला एकच जीव द्यायचा होता. ऑफिसातल्या दोस्तांनी खेळून बघितलं आणि हट्टच धरला, की एकाने भागणार नाही. शेवटी तीन दिले. कोडमध्ये एका आकड्याचा फरक. पण तो आकडा दुसऱ्याच्या खेळण्यातून आला, स्वतःच्या डोक्यातून नाही.

भुतांना विश्रांती

आता आपण अशा माणसाकडे येतो ज्याला प्रोग्रॅमिंग येतच नव्हतं. तोरू इवातानी, नामको कंपनी, टोकियो. १९७७ मध्ये नोकरीला लागले. तेव्हाची आर्केड म्हणजे मुलग्यांचा अड्डा, जिकडेतिकडे परग्रहवासी मारायचे गेम. इवातानींना वाटलं, मुली आणि जोडपी इथे यावीत. मग मारामारीऐवजी काय? खाणं! त्यातून मे १९८० मध्ये 'पॅक-मॅन' आला. कोड लिहिला शिगेओ फुनाकी यांनी, आवाज केले तोशिओ काई यांनी. मग इवातानींनी काय केलं?

त्यांनी भुतांचे स्वभाव ठरवले. लाल भूत थेट तुमच्या मागे. गुलाबी तुमच्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवायला बघतं. निळ्याची चाल तुमच्यावर आणि लाल भुतावर, दोघांवर अवलंबून. नारिंगी जवळ येतं आणि घाबरल्यासारखं परत फिरतं. चारही सारखीच मागे लागली असती, तर तुमच्या मागे नुसती एक रांग तयार झाली असती.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलला ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्यात जातात, मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा विसावा. सतत छळ झाला तर माणूस वैतागून उठेल, म्हणून लाटा. तुम्ही खेळताना हे आकडे कधी मोजले नसतील. पण "आत्ता जरा सुटलो" हे तुम्हाला जाणवतं. ते 'सुटलो' कुणीतरी सेकंदात मोजून ठेवलेलं असतं.

कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं होतं, की सगळी भुतं लालच करा. इवातानींनी वाद घालत बसण्यापेक्षा लोकांना विचारलं, आणि लोकांनी वेगवेगळ्या रंगांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे बघा, नियम ठरवणं, तो दुसऱ्याकडून कोडमध्ये उतरवून घेणं, आणि वरिष्ठांना पुराव्यानिशी पटवणं. इथे हा पेशा इंजिनिअरिंगपासून स्पष्ट वेगळा झालेला दिसतो.

न बोलता शिकवणं

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये निन्टेंडोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. शिगेरू मियामोतो हे औद्योगिक डिझाइन शिकलेले. ते आणि ताकाशी तेझुका आलेखाच्या कागदावर लेव्हल काढायचे आणि प्रोग्रॅमर ती यंत्रात उतरवायचे. बदल करायचा तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून.

पहिल्याच लेव्हलची सुरुवात आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. सांगायला कुणी नाही, तरी आपण उजवीकडे जातो. समोरून एक रागीट तोंडाचा प्राणी येतो. धडकलात तर मेलात, पण फक्त दोन सेकंदांचं नुकसान. पुन्हा सुरुवात, या वेळी उडी मारता. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो. तो चांगला की वाईट, कसं कळणार? मशरूम उजवीकडे घरंगळतो, पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतो. घाबरून उडी मारली तर वरच्या विटांना डोकं आपटतं आणि तुम्ही त्याच्यावरच पडता. मारिओ मोठा होतो. धडा पूर्ण, एक शब्द न बोलता.

पुढे दोन जिन्यांच्या मध्ये जमीन आहे, चुकलात तरी मरत नाही. त्यानंतर तशाच दोन जिन्यांच्या मध्ये खड्डा आहे. आधी सराव, मग परीक्षा. मियामोतोंनी असंही सांगितलंय, की सुरुवातीच्या सोप्या लेव्हल ते बाकीच्या लेव्हल झाल्यावर करतात. बरोबरच आहे. काय शिकवायचं ते कळल्याशिवाय पहिला धडा लिहिणार कसा?

मग आज हे काम काय आहे?

मोठ्या कंपनीत आज गेम डिझायनरचा दिवस नियमांचे दस्तऐवज लिहिण्यात, स्प्रेडशीटमधले आकडे हलवण्यात, लोकांना खेळताना बघण्यात आणि "हे छान आहे, पण काढूया" असं म्हणण्यात जातो. चित्रकार, प्रोग्रॅमर, आवाज करणारे, सगळ्यांना एकच गोष्ट समजावून सांगावी लागते. म्हणजे लिहिता-बोलता चांगलं आलं पाहिजे. कोड थोडा आला तर फायदाच. पण सॉफ्टवेअर बदलत राहील, हे काम राहील.

आणि एक गोष्ट, जी मला खरंच महत्त्वाची वाटते. पाँगला खेळ संपवायचा होता, कारण नाणं हवं होतं. पिटफॉलचे पैसे दुकानातच मिळालेले, म्हणून तो तुम्हाला निवांत २० मिनिटं द्यायचा. आज तुमच्या फोनवरचे बहुतेक गेम फुकट आहेत आणि पैसे मधेच मागतात. मग "पुढचा जीव ३० मिनिटांनी मिळेल, नाहीतर आत्ता विकत घ्या" हाही एक नियम असतो. तो ७ सेकंदांच्या विसाव्यासारखाच कुणीतरी मोजून ठरवलेला असतो. एक जण माणसाला दम घ्यायला देण्यासाठी मोजतो, दुसरा त्याचा दम काढण्यासाठी. दोघांचं पद एकच, गेम डिझायनर. तुम्हाला व्हायचं असेल तर यातलं काय मोजायचं, हे नोकरी लागण्याआधी स्वतःला विचारून ठेवा. मॅगीबाईंचा पट आठवा. नियम बदलला की खेळणारा माणूस बदलतो.

तर कुठलं सॉफ्टवेअर शिकू? आज रात्री तरी कुठलंच नाही. घरातला ल्युडो काढा. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही, बरोबर? म्हणजे सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो. नियम करा, एक किंवा सहा. सरासरी आली तीनवर. आता हा खेळ भावंडांना खेळायला द्या आणि तुम्ही बाजूला बसा. समजावू नका, हसू नका, मदत करू नका. फक्त बघा. कोण कधी कंटाळतं, कोण कधी ओरडतं, खेळ लवकर संपतो की जास्त रंगतो, वहीत लिहा. मग दुसरा एखादा नियम बदला आणि पुन्हा बसा.

तिसऱ्या-चौथ्या वेळीही बघत बसावंसं वाटलं, तर या कामाची आवड आहे म्हणायला हरकत नाही. आणि तोवर आपणच खेळावंसं वाटायला लागलं, तरी काही बिघडलं नाही. उत्तम खेळाडूही लागतातच की!

कुठला नियम बदललात आणि घरी काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!